उत्तर नको, रीत दाखव

२९ जानेवारी २०२५ ला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक पत्रक काढलं. कार्यालयातल्या संगणकांवर आणि उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी एआय साधनं वापरू नयेत, सरकारी माहितीच्या गोपनीयतेला त्यातून धोका आहे, असा त्याचा आशय. त्याच महिन्यात गुगलने वर्कस्पेस या कार्यालयीन संचाच्या व्यावसायिक योजनांत जेमिनी हा आपला एआय सहायक आतच घालून दिला आणि मायक्रोसॉफ्टने घरगुती ऑफिसच्या वर्गणीत कोपायलट हा आपला. दाराला कुलूप घातलं, खिडकी मात्र कारखान्यातूनच उघडी बसवून आली, अशी गत. महिनाअखेरीला साहेबांनी ‘जरा ॲनालिसिस करून पाठवा’ म्हटलं की ते एआयचं बटण दाबलं जातंच. कार्यालयाच्या मशीनवर ते बंद असेल तर फाईल व्हॉट्सॲपने स्वतःच्या मोबाइलवर जाते आणि तिथे दाबलं जातं. बंदीने गोपनीयता राखली जाते म्हणणाऱ्यांनी हा रस्ता एकदा बघून यावा.

म्हणून ‘वापरू द्यावं की नाही’ या वादात फारसा अर्थ उरलेला नाही. ठरवायचं ते हे की, या सहायकाकडून काय स्वीकारायचं. माझं मत एका ओळीत सांगता येईल: आकडा स्वीकारू नये, तो आकडा काढणारं सूत्र, कोड किंवा मूळ उतारा स्वीकारावा. ज्या उत्तरामागची रीत फाईलमध्ये उरत नाही, ते कार्यालयाच्या कागदावर येता कामा नये, मग ते बरोबर का असेना.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. माणसं चुकत नाहीत का? चुकतात, आणि भारी चुकतात. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की देशाची वाढ खुंटते. अशा देशांची सरासरी वाढ त्यांनी उणे ०.१ टक्का दाखवली. युरोप-अमेरिकेत खर्चकपातीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा निबंध भरपूर वापरला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून मूळ एक्सेल फाईल मागवून घेतली. सरासरीचं सूत्र ३० ते ४४ या ओळींवर चाललं होतं, यादी मात्र ४९ व्या ओळीपर्यंत होती. पाच देश बाहेरच राहिले होते. ही चूक, वगळलेली काही वर्षं आणि भार देण्याची पद्धत असं सगळं दुरुस्त केल्यावर आकडा आला अधिक २.२. दुसरं उदाहरण ऑक्टोबर २०२० चं. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या मोजणीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले, कारण जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाईलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत आणि उरलेल्या मुकाट्याने कापल्या जातात.

या दोन्ही चुका सापडल्या, कारण फाईल होती. सूत्रावर कर्सर नेला की निळी चौकट ४४ व्या ओळीवर थांबलेली दिसत होती. हाच तक्ता चॅटच्या खिडकीत टाकून ‘सरासरी सांग’ म्हटलं असतं आणि आलेलं उत्तर निबंधात उतरवलं असतं, तर हर्नडनने मागायचं तरी काय?

इथे यंत्राच्या आतलं थोडं समजून घ्यायला हवं. भाषेचं मॉडेल आकड्याकडे रक्कम म्हणून पाहत नाही; ते त्याचे तुकडे करतं आणि पुढे कोणता तुकडा येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज बांधतं. १,२४० रकमांची बेरीज त्याने अशा रीतीने ‘सांगितली’, तर ती बेरजेसारखी दिसणारी वस्तू असते. तोच सहायक पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला चार ओळींचा कोड लिहून चालवतो, किंवा सेलमध्ये समइफ्सचं, म्हणजे अटींनुसार बेरीज करणारं, सूत्र घालतो, तेव्हा गणित खरोखर संगणक करतो. तिथे बेरीज चुकत नाही. काय मिळवायचं आणि काय नाही, ते चुकतं. पंचाईत अशी की दोन्ही प्रकारची उत्तरं बाजूच्या खिडकीत सारख्याच सफाईने आणि सारख्याच ठामपणे उमटतात. ओळखायची खूण साधी आहे. उत्तराखालचा कोड उघडून बघता येतो का, किंवा सेलवर गेल्यावर वरच्या पट्टीत बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं सूत्र दिसतं का? नुसता आकडा बसलेला असेल तर तो ऐकीव समजावा.

बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये ‘कोपायलट’ नावाचं सूत्रच चाचणीसाठी आणलं: सेलमध्ये साध्या भाषेत विचारा, सेलमध्येच उत्तर घ्या. सोबतच्या सूचनांत कंपनीनेच बजावलं की आकडेमोडीसाठी, आणि जिथे अचूकता किंवा पुन्हा तेच उत्तर मिळणं गरजेचं आहे तिथे, हे वापरू नका. पुन्हा विचारल्यावर वेगळं उत्तर देऊ शकणारं सूत्र ही हिशेबाच्या जगात नवीच चीज म्हणायची. पुढच्याच महिन्यात आलेल्या ‘एजंट मोड’ची, म्हणजे सहायकाने टप्प्याटप्प्याने स्वतः काम करण्याच्या सोयीची, कामगिरीही कंपनीने स्वतः जाहीर केली. स्प्रेडशीटबेंच या चाचणीत त्याला ५७.२ टक्के मिळाले, माणसांना ७१.३. दहातली चार कामं चुकणारा कारकून ठेवाल का, असं विचारून टाळ्या मिळवता येतात, पण त्या चाचणीत माणसंही दहात तीन ठिकाणी चुकलीच आहेत. चूक कोणाची यापेक्षा ती पकडता येते का, इकडे लक्ष हवं.

आता एक काम अगदी जवळून पाहू. जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारं पत्रक, पुढे नुसतं २बी) आणि खरेदीची वही यांचा मेळ हे देशातल्या लाखो हिशेबनिसांचं दरमहा ठरलेलं दुखणं आहे. १४ तारखेला २बी तयार होतं, २० तारखेपर्यंत ३बी हे कराचं विवरणपत्र भरायचं असतं, आणि विक्रेत्याने दिलेलं बिल २बीत नसेल तर त्यावरचं आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेता येत नाही. सहा दिवस हातात असतात. हे काम एआयला देण्याचा मोह स्वाभाविक आहे आणि माझ्या मते योग्यही आहे. पण दोन्ही फाईली चढवून ‘कोणती बिलं जुळत नाहीत ते सांग’ एवढंच म्हटलं, तर काय काय बिघडतं ते पाहा.

२बीच्या फाईलमध्ये पानं अनेक. नेहमीची बिलं एका पानावर, क्रेडिट-डेबिट नोटा दुसऱ्या, दुरुस्त्या तिसऱ्या. शीर्षकं दोन मजली आणि जोडलेल्या सेलची, त्यामुळे कॉलमचं नाव कुठलं नि माहिती कुठून सुरू होते, यातच सहायकाची पहिली ठेच लागते. क्रेडिट नोटांच्या रकमा तिथे अधिकच्याच चिन्हाने असतात. वजा करायच्या आहेत हे नोटेच्या प्रकारावरून कळतं. समजा त्या नोटांतला कर २७,४५० रुपये आहे. तो वजा करायच्या जागी मिळवला गेला, तर फरक येतो ५४,९०० चा, बरोबर दुप्पट. जुने हिशेबनीस फरक हाती आला की आधी त्याला दोनने भागून बघत आणि तेवढी रक्कम वहीत कुठे सापडते का ते शोधत. सापडली तर चिन्ह किंवा बाजू चुकलेली. मग नऊने भागून बघत. भाग गेला तर अंकांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता, जसं ७,५४० च्या जागी ७,४५०, फरक ९०. हा ताळा करायला एआय लागत नाही, आणि एआयच्या उत्तरावरही तो तितकाच लागू पडतो.

बिल क्रमांक हे याहून मोठं प्रकरण. कायद्याने तो जास्तीत जास्त १६ अक्षरांचा. त्यात अंक, अक्षरं, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. विक्रेत्याने पोर्टलवर ‘एबी/००४५/२५-२६’ असं भरलेलं असतं, आपल्याकडच्या माणसाने वहीत नुसतं ‘४५’ टाकलेलं असतं. सहायक मदतीच्या उत्साहात अंशतः जुळणी करतो आणि ‘४५’ ला ‘०१४५’ शी लगीन लावून देतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर) फाईल थेट एक्सेलमध्ये उघडली तर पुढची शून्यं आधीच उडालेली असतात, आणि ‘१-४’ असा क्रमांक असेल तर त्याची चक्क तारीख झालेली असते. या खोडीने जीवशास्त्रज्ञांनाही जेरीस आणलं. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने शेवटी २०२० मध्ये ‘मार्च१’ या जनुकाचं नाव ‘मार्चएफ१’ केल्याचं जाहीर केलं, कारण एक्सेल त्याला १ मार्च समजत होतं. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून जनुक बदललं.

तारखांचा घोळ तर हमखास. फाईल अमेरिकी पद्धतीने वाचली गेली की महिना आधी, दिवस मग. १ ते १२ एप्रिलची बिलं मग जानेवारी ते डिसेंबर अशा बारा महिन्यांच्या ४ तारखेला जाऊन बसतात आणि १३ एप्रिलपासूनची बिलं मजकूर म्हणून तशीच राहतात. महिनावार आलेख सुंदर येतो. प्रत्येक महिन्याच्या ४ तारखेला खरेदी का होते, हे कोणी विचारलं तरच भांडं फुटतं. रकमांचंही तसंच: ज्या सेलमध्ये रक्कम मजकूर म्हणून बसली आहे, उदाहरणार्थ मागे ‘डे.’ किंवा ‘क्रे.’ ही नावे-जमेची खूण चिकटलेली, ती समचं सूत्र काही न बोलता सोडून देतं. वेब पोर्टलवरून उतरवलेल्या माहितीत न दिसणारी एक वेगळी मोकळी जागा असते, अक्षरसंकेत १६०. जादा मोकळ्या जागा काढणारं ट्रिमचं सूत्र तिला हात लावत नाही. एका अक्षराच्या जागी दुसरं घालणाऱ्या सबस्टिट्यूटने ती काढावी लागते. दोन जीएसटीआयएन (करदात्याचे जीएसटी क्रमांक) डोळ्यांना एकसारखे दिसतात आणि तरी जुळत नाहीत, तेव्हा पहिला संशय तिच्यावर घ्यावा.

आणि दुप्पट ओळींचा सापळा. एकच बिल वहीत ५ टक्के आणि १८ टक्के अशा दोन दरांनी दोन ओळींत असतं. दुसऱ्या तक्त्यातही ते दोनदा आलं आणि सहायकाने बिल क्रमांकावर जोड घातली, तर दोन गुणिले दोन अशा चार ओळी तयार होतात आणि कर दुप्पट दिसतो. दुसऱ्या तक्त्यात जुळणारी ओळ शोधणारा व्हीलुकअप वापरला तर उलटं: तो पहिलीच ओळ उचलतो, दुसरी गायब. त्या सूत्रातला चौथा भाग लिहायचा राहिला तर तो जवळपासची जुळणीसुद्धा चालवून घेतो. त्याचा नवा भाऊ एक्सलुकअप निदान मुळातच नेमकी जुळणी बघतो.

मग सहायकाला सांगायचं कसं? साधारण असं: ‘“खरेदी” आणि “टूबी” या पानांचा जीएसटीआयएन, बिल क्रमांक आणि करपात्र रक्कम यांवर मेळ घाल. उत्तर सांगू नकोस, सूत्रं नव्या कॉलममध्ये लिही. मूळ कॉलमला हात लावू नकोस. बिल क्रमांक साफ करून वेगळ्या कॉलममध्ये ठेव. एक रुपयापर्यंतचा फरक जुळला असं धर. न जुळलेली एकही ओळ गाळू नकोस. जे काही गृहीत धरलंस ते लिहून दे. दोनदा आलेले क्रमांक आधी दाखव आणि थांब.’ यातले शेवटचे दोन शब्द सगळ्यांत कामाचे. न सांगितल्यास तो थांबत नाही. अडचण आली की स्वतःच काहीतरी ठरवून पुढे जातो आणि ठरवलं होतं हे सांगत नाही.

त्याआधीही एक पायरी आहे, ती बहुतेक जण गाळतात. विश्लेषणाचा पहिला प्रश्न कधीच विश्लेषणाचा नसावा. एकूण ओळी किती, प्रत्येक कॉलममध्ये रिकाम्या किती, आकडे किती, मजकूर किती, सर्वांत जुनी आणि नवी तारीख कोणती, रकमेची एकूण बेरीज किती, एवढंच विचारावं. तेच काउंटए, काउंट, काउंटब्लँक आणि सम या सूत्रांनी स्वतः काढावं. वहीत १,२४० ओळी आहेत आणि सहायक १,२३८ म्हणतो, तर पुढचं सगळं संभाषण तिथेच थांबवावं. काम संपल्यावरही ताळा तोच: जुळलेल्या ओळी अधिक फक्त वहीत सापडलेल्या ओळी म्हणजे वहीतल्या एकूण ओळी, तसंच २बीच्या बाजूने. रकमांचंही तेच. चार आकडे जुळले पाहिजेत, तीन नव्हे. हे सगळं पहिल्यांदा बसवायला तासभर जाईल. पुढच्या महिन्यापासून सूत्रं तयारच असतात, फक्त माहिती बदलते. खरी बचत इथे आहे. दर महिन्याला नव्याने चॅटला विचारणाऱ्याला ती कधीच मिळत नाही.

आकड्यांपेक्षा शब्दांच्या कामात एआयचा उपयोग जास्त आहे असं माझं मत आहे, आणि तिथे तपासणी जवळजवळ शून्य होते हे दुर्दैव. महापालिकेकडे आलेल्या सहाशे तक्रारींची विभागवार वर्गवारी करायची आहे असं धरा. हाताने दोन दिवसांचं काम. सहायक दोन मिनिटांत करतो. पण ‘पाणी येत नाही’ आणि ‘पाणी तुंबतं’ यांत शब्द एकच असला तरी पहिली तक्रार पाणीपुरवठ्याची, दुसरी ड्रेनेजची. ‘चार दिवस गाडी आली नाही’ ही तक्रार परिवहनाकडे गेली तर घंटागाडीचा कचरा कोण उचलणार? ‘लाइट नाही’ म्हणजे रस्त्यावरचा दिवा की घरातली वीज, हे पुढच्या वाक्यात असतं; पहिला दिवा महापालिकेचा, दुसरी महावितरणची. जुन्या तक्रारी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतील तर सहायकाला त्या मराठी दिसतच नाहीत, रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, आणि बदलताना रफार नि जोडाक्षरं हटकून बिघडतात, तीही पाहावी लागतात.

तपासायची पद्धत सोपी आहे. सहाशेतून पन्नास तक्रारी रँडच्या (चिठ्ठी काढल्यासारखे आकडे देणाऱ्या) सूत्राने निवडा. सहायकाने दिलेला विभागाचा कॉलम झाकून ठेवा, नाहीतर डोळा त्याच्याच मागे जातो. स्वतः वाचून विभाग लिहा आणि मग ताडून बघा. पन्नासांत सहा चुकल्या तर चूक साधारण १२ टक्के. पण नमुना एवढा लहान आहे की खरी चूक ६ टक्केही असू शकते आणि २३ टक्केही. त्यानंतर अहवालात ‘ड्रेनेजच्या तक्रारी गेल्या तिमाहीपेक्षा २ टक्क्यांनी घटल्या’ असं वाक्य लिहायचा हात आपोआप आखडतो. आखडायलाच हवा.

महाराष्ट्राची अनेक वर्षांची जिल्हावार माहिती हाताळणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. त्यामुळे ठाण्याचा २०१४ आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून ‘घट’ दाखवणारा आलेख खोटा आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. पिव्होटमध्ये (एक्सेलच्या गोषवारा तक्त्यात) एकेका जिल्ह्याचे दोन जिल्हे होतात, एक मधेच संपणारा आणि एक मधेच जन्मणारा. सहायकाला ‘नावं एकसारखी कर’ म्हटलं तर तो करतो, पण देशभराच्या यादीत बिहारचंही औरंगाबाद आहे, ते मराठवाड्यात आणून ठेवतो. नावाऐवजी जिल्ह्याच्या सरकारी संकेतांकावर जोड घाला, एवढी एक सूचना नावांचा हा घोळ टाळते.

आता संशोधनाकडे. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये मार्च २०२५ पासून ‘रिसर्चर’, ‘ॲनालिस्ट’ असे सहायक जाहीर होऊ लागले, जे जाळ्यावरचं आणि कार्यालयातलं साहित्य धुंडाळून संदर्भांसह टिपण लिहून देतात. संदर्भ दिलेत म्हणून माणूस निर्धास्त होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर विभागाचा एक निर्धारण आदेश (कर किती ते ठरवणारा) रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. एआयने दिलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयाला सांगावं लागलं. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात डेलॉइट या सल्लागार कंपनीने सरकारला सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालाचे काही पैसे परत करायचं कबूल केलं; त्यात न लिहिलेल्या ग्रंथांचे दाखले होते आणि न्यायालयाच्या निकालातलं म्हणून दिलेलं अवतरण बनावट होतं. लक्षात आणून दिलं सिडनी विद्यापीठातल्या एका अभ्यासकाने, विषयातलं कोणी काय लिहिलंय हे ठाऊक होतं म्हणून.

पण नसलेला संदर्भ ही सोपी चूक आहे. दुवा उघडला की कळते. संदर्भ खरा, आकडा खरा आणि तुलना खोटी, ही अवघड. बेरोजगारीचंच घ्या. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाचा १५ वर्षांवरच्यांचा दर ३.२ टक्के आहे. मे २०२५ चा मासिक दर ५.६ टक्के आहे. दोन्ही सरकारी, दोन्ही बरोबर. सहायकाला ‘बेरोजगारीचा कल दाखव’ म्हटलं तर तो हे दोन बिंदू रेघेने जोडू शकतो आणि वर्षभरात दर जवळपास पावणेदोनपट झाला असं दिसतं. प्रत्यक्षात पहिला आकडा वर्षभरातल्या नेहमीच्या स्थितीवरून काढलेला, दुसरा चालू आठवड्याच्या स्थितीवरून. आठवड्याच्या मापाने २०२३-२४ चा दरही ४.९ होता. शिवाय जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची नमुना निवडण्याची पद्धतच बदलली. विरोधी पक्षाला तो चढता आलेख हवा असतो, सत्ताधाऱ्यांना फक्त ३.२. यंत्र कोणाच्याच बाजूचं नाही, त्याला मापातला फरक दिसला नाही एवढंच.

म्हणून टिपणातल्या प्रत्येक आकड्यासाठी सहायकाकडून चार गोष्टी मागाव्यात: मूळ दस्तऐवजातलं वाक्य जसंच्या तसं, पान क्रमांक, आकडा कोणत्या कालावधीचा, आणि व्याख्या कोणती. मग दस्तऐवज उघडून ते वाक्य शोधावं. सापडलं नाही तर आकडा काढून टाकावा. ‘असेल कुठेतरी’ म्हणून ठेवू नये. महाराष्ट्राची ‘सध्याची’ लोकसंख्या म्हणून जो काही आकडा येईल तो अंदाज असतो. शेवटची मोजलेली संख्या २०११ ची आहे, ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३. यावर दरडोई काहीही काढताना भाजक कोणता घेतला ते लिहावं.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भाषणं पुष्कळ होतात. विश्लेषणाला नाव, मोबाइल आणि आधार क्रमांक जवळजवळ कधीच लागत नाहीत. त्यांच्या जागी अनुक्रमांक घाला, चावीची फाईल वेगळी ठेवा. नुसतं सूत्र लिहून हवं असेल तर खरी माहिती द्यायचीच कशाला? कॉलमची नावं आणि वीस बनावट ओळी पुरतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कार्यालयाच्या स्वतःच्या वर्गणीतला सहायक अधिक सुरक्षित खरा, पण तोही त्या माणसाला जे जे उघडायची परवानगी आहे ते सगळं वाचतो. पाच वर्षांपूर्वी ‘संस्थेतल्या सर्वांसाठी’ म्हणून सामायिक केलेली पगाराची फाईल कोणाच्या लक्षात नसते. सहायकाच्या शोधात ती पहिल्या पानावर येते. चालू करण्याआधी परवानग्या साफ करायला हव्यात, आणि हे काम कंटाळवाणं असल्यामुळे नेमकं तेच राहतं.

एवढी तपासणी करायची तर वेळ वाचला कुठे, हा दुसरा आक्षेप. काही कामांत खरंच वाचत नाही. पन्नास ओळींच्या तक्त्याची बेरीज स्वतः करावी. बदली झालेल्या कारकुनाने मागे ठेवलेलं तीन ओळी लांबीचं सूत्र समजून घ्यायचं असेल, शंभर पानांच्या अहवालात कुठे बघायचं ते हवं असेल, मेळाची सूत्रं बसवायची असतील, तिथे वेळ वाचतो, आणि भरपूर वाचतो. वाचलेल्या वेळाचा तिसरा हिस्सा ताळ्याला दिला तरी फायदाच आहे. तो हिस्सा वरिष्ठांनी मान्य करायला हवा. ‘एआय आहे ना, मग दहा मिनिटांत द्या’ म्हणणारा साहेब स्वतःच्या सहीखाली काय जाणार याची निश्चिती स्वतःच काढून घेत असतो.

शासनापुरतं बोलायचं तर नवीन धोरण लिहायलाही नको. मंत्रालयात फाईल लिहिण्याची शिस्त जुनीच आहे. एका भागात टिपणी, दुसऱ्यात पत्रव्यवहार, आणि टिपणीत काही विधान केलं की ‘पृ. २३/प.वि.’ (पृष्ठ २३, पत्रव्यवहार विभाग) असं लिहून आधाराचा कागद दाखवायचा. ई-ऑफिस आलं तरी ही सवय गेलेली नाही. अर्थ मंत्रालयाच्या बंदीच्या जागी एका ओळीचा आदेश पुरेल: एआयची मदत घेऊन काढलेला आकडा टिपणीत असेल तर सहायकाला दिलेली सूचना, त्याने लिहिलेलं सूत्र किंवा कोड आणि ताळ्याचे चार आकडे पत्रव्यवहार विभागात लावावेत आणि पान क्रमांक द्यावा. खाजगी कंपनीत हेच एक्सेल फाईलच्या शेवटच्या शीटवर मावतं. पुढच्या टेबलावरच्या माणसाला मग विचारावं लागत नाही की १८ लाखांचा हा आकडा आला कुठून, तो पृ. २४/प.वि. उघडतो, सूत्रावर कर्सर नेतो, आणि निळी चौकट कुठल्या ओळीपर्यंत जाते ते बघतो.